एस की झेड? दीर्घिकांच्या फिरण्याची दिशा मोजताना कल कुठून शिरतो

सर्पिल दीर्घिका कोणत्या दिशेने फिरते, हा प्रश्न चित्र समोर ठेवलं की पोरखेळ वाटतो. मोठी, स्वच्छ, समोरून दिसणारी दीर्घिका असेल तर दोन सेकंदांत उत्तर मिळतं. अडचण दिशा ओळखण्यात नसते, मोजणीत असते. विश्वाला कोणतीही खास दिशा नसेल तर दोन्ही प्रकार जवळपास निम्मे-निम्मे निघायला हवेत. पन्नासचे एक्कावन्न झाले तरी 'विश्वच फिरतंय' असा मथळा होऊ शकतो. म्हणून अर्ध्या टक्क्याची चूक कुठून शिरते हे शोधणं हेच यातलं खरं काम. आम्ही ही मोजणी ज्या क्रमाने करतो त्या क्रमानेच लिहितो आहोत.

आधी नावं ठरवायची. 'घड्याळाप्रमाणे' हा शब्द मोजणीच्या वहीत लिहायचाच नाही. कुणी तो भुजांच्या वळणासाठी वापरतो, कुणी फिरण्यासाठी, आणि या दोन दिशा सहसा उलट असतात. त्यापेक्षा इंग्रजी एस आणि झेड ही अक्षरं बरी. झेडचं वळण साधारण आपल्या २ सारखं, एस म्हणजे आरशातला २. दोन्ही अक्षरांची गंमत अशी की कागद कितीही फिरवा, एस एसच राहतो. एसचा झेड होतो तो फक्त आरशात. पुढचं बरंच काही या एका गुणधर्मावर उभं आहे. एसच्या भुजा केंद्रातून बाहेर जाताना सव्य, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारख्या, वळतात. भुजा मागे रेंगाळणाऱ्या असल्या, म्हणजे त्यांची टोकं फिरण्याच्या उलट दिशेला ओढलेली असली, तर ती दीर्घिका प्रत्यक्षात अपसव्य फिरते. झेडचं सगळं उलट. चित्रात दिसतं ते वळण, फिरणं हा त्यावरून काढलेला निष्कर्ष.

दुसरं काम फाइलींची दिशा तपासणं. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच राहून जातं. आकाशाच्या नेहमीच्या चित्रात उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असते. नकाशाच्या उलट, कारण आपण आकाशाकडे खालून बघतो. दुर्बिणीतल्या आरशांची संख्या विषम असेल तर कॅमेऱ्यावर पडणारी प्रतिमा आरशातली असते. सुबारू दुर्बिणीचा हायपर सुप्राइम-कॅम कॅमेरा मुख्य आरशाच्याच नाभीवर बसतो, म्हणजे वाटेत आरसा एकच. सर्वेक्षणाच्या तयार चित्रांत हे सरळ केलेलं असतं, पण कच्च्या फाइली घेतल्या तर ती जबाबदारी आपली. फिट्स या खगोलचित्रांच्या फाइलच्या हेडरमध्ये सीडी मॅट्रिक्सच्या चार संख्या असतात; त्या चित्रातल्या दिशा आकाशातल्या दिशांशी जोडतात. त्यांचं निश्चयक (डिटर्मिनंट) ऋण आलं तर चित्र सरळ, धन आलं तर आरशातलं. प्रत्येक फाइलसाठी ही एक ओळ कोडमध्ये घालायचीच.

याहून जास्त वेळा घडणारी चूक साधी आहे. फिट्समध्ये पहिली ओळ तळाची असते, पीएनजी किंवा जेपीजीमध्ये पहिली ओळ माथ्याची. आकडे फिट्समधून वाचून थेट पीएनजीत लिहिले की चित्र वरखाली उलटतं आणि प्रत्येक एसचा झेड होतो. सगळ्याच फाइली उलटल्या तर निदान असमतोलाचं चिन्हच बदलतं, आणि ते कधीतरी लक्षात येतं. अर्ध्या एका सर्वेक्षणातून थेट जेपीजी म्हणून घेतल्या आणि अर्ध्या दुसऱ्यातून फिट्सवरून बनवल्या, तर आकाशाच्या दोन भागांत खोटा फरक तयार होतो आणि तो हुबेहूब खऱ्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक स्रोतातून एम ५१ सारखी एखादी परिचित दीर्घिका काढून नेहमीच्या छायाचित्राशेजारी ठेवायची. सोबतची छोटी एनजीसी ५१९५ वर आहे एवढं बघून थांबायचं नाही. डावं-उजवं उलटलं तरी ती वरच राहते. भुजांचं वळण जुळलं पाहिजे.

आता चित्राजवळ जाऊ. स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रात एक पिक्सेल ०.३९६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आणि हवेमुळे येणारा पसरटपणा साधारण १.३ विकला, म्हणजे तीनेक पिक्सेल. आपल्या आकाशगंगेएवढी, सुमारे १ लाख प्रकाशवर्षं व्यासाची तबकडी ०.१ रेडशिफ्टला (रेडशिफ्ट म्हणजे प्रकाश तांबड्याकडे सरकण्यावरून कळणारं अंतराचं माप) ठेवली तर ती चाळीसेक पिक्सेल भरते. ०.२ ला ठेवली तर तेवीसेक. तेवीस पिक्सेलच्या चित्रात मध्ये पाच-सहा पिक्सेलचा पिवळसर गोळा असतो आणि त्याभोवती फिकट निळं धुकं. त्या धुक्यात एका बाजूला दोन पिक्सेल जरा उजळ आणि समोरच्या बाजूला तसेच दोन. भुजा म्हणायचं ते एवढंच. पसरटपणा तिथे सुमारे १४ हजार प्रकाशवर्षांचा असतो, म्हणजे भुजेच्या रुंदीपेक्षा जास्त. असं चित्र समोर आलं की माणूस दिशा ठरवण्याआधी नकळत दुसराच प्रश्न सोडवतो: ही सर्पिल आहे की नुसता लंबगोल ठिपका? कल शिरतो तो इथे.

हे नीट समजायला गॅलेक्सी झूचं उदाहरण घ्यावं लागतं. जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पात स्लोनमधल्या जवळपास ९ लाख दीर्घिका लोकांपुढे ठेवल्या होत्या आणि बटणं सहा होती: सव्य सर्पिल, अपसव्य सर्पिल, कडेने दिसणारी किंवा दिशा न कळणारी, लंबवर्तुळी, एकमेकींत मिसळणाऱ्या, आणि तारा किंवा 'कळत नाही'. निकालात एस जास्त निघाल्या. केट लँड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते विश्लेषण छापलं. त्यासाठी त्यांनी काही दीर्घिका आरशात उलटवून, काही रंग काढून लोकांना पुन्हा दाखवल्या. कल माणसांच्या बघण्यात आहे असं दिसलं, आणि तेवढी दुरुस्ती केल्यावर आकडे निम्म्या-निम्म्याशी सुसंगत झाले.

पण माणूस नेमका कुठे कलतो? साधा समज असा की लोक झेडला चुकून एस म्हणत असतील. २०१७ मध्ये वेन हेज, डॅरेन डेव्हिस आणि पेड्रो सिल्वा यांनी दाखवलं की तसं नाही. एसला मिळालेली जादा मतं झेडच्या खात्यातून आलेली नव्हती, ती लंबवर्तुळी आणि कडेच्या दीर्घिकांच्या खात्यांतून आली होती. अंधुक एस समोर आली तर लोकांना त्यात सर्पिल दिसते; तेवढीच अंधुक झेड समोर आली तर थोडे जास्त लोक 'लंबवर्तुळी' म्हणून पुढे जातात. असं का होतं, डोळ्यामुळे, अक्षरांच्या सवयीमुळे की बटणांच्या जागेमुळे, हा वेगळा विषय. मोजणाऱ्याला पुरतं ते एवढं: दिशेचं प्रत्येक उत्तर अचूक असूनही एकूण मोजणी खोटी येऊ शकते. कोणत्या दीर्घिका सर्पिल हे दिशा-निरपेक्ष यंत्राने, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमने, निवडलं की ती जादा संख्या नाहीशी झाली, पुढे दिशा माणसांनीच ठरवली तरीही.

यात उंबरठ्याचा हातभार मोठा असतो. '८०% मतं मिळाली तरच घ्यायची' असा नियम असला, तर ७८ वर रेंगाळणाऱ्या एसला तीन मतांचा धक्का मिळून ती आत येते आणि तिची जुळी झेड बाहेर राहते. उंबरठ्याजवळ गर्दी जितकी, तितका हा परिणाम मोठा. उंबरठा कडक केला म्हणजे नमुना शुद्ध झाला असं वाटतं, पण निवडीतला कल त्याने जात नाही.

साधा हिशोब करून बघा. १०० एस आणि १०० झेड, सगळ्या अंधुक. निवडीत एसपैकी ८२ आणि झेडपैकी ८० आल्या. एकही दिशा चुकली नाही. असमतोल म्हणजे फरक भागिले बेरीज, २ भागिले १६२, १.२३%. आता नमुना ७६ हजारांचा केला तर योगायोगाने अपेक्षित असलेला हेलकावा, म्हणजे १ भागिले संख्येचं वर्गमूळ, ०.३६% होतो. आपला असमतोल ३.४ सिग्मा, म्हणजे त्या हेलकाव्याच्या ३.४ पट! नमुना वाढवला तसा योगायोगाचा हेलकावा कमी झाला, निवडीतला कल मात्र तेवढाच राहिला. मोठा नमुना या रोगावर औषध नाही, उलट तो रोगाला 'शोध' बनवतो.

म्हणून निवड आणि दिशा या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या. निवडीच्या वेळी प्रत्येक चित्राची नाणेफेक करायची आणि छापा पडला तर ते आरशात उलटवून दाखवायचं. कोणतं उलटवलं याची यादी बघणाऱ्याला दिसता कामा नये. मिशिगन विद्यापीठाचे मायकेल लाँगो यांनी २०११ मध्ये १५,१५८ दीर्घिकांची मोजणी छापली. विद्यार्थ्यांना चित्रं दाखवताना त्यांनी अर्धी यदृच्छया उलटवली होती. ती काळजी योग्यच, तरीही त्यांना आकाशात द्विध्रुव, म्हणजे एका बाजूला एक वळण जास्त आणि समोरच्या बाजूला दुसरं, दिसला असं त्यांचं म्हणणं होतं. नंतरच्या मोठ्या नमुन्यांत त्याला निर्विवाद दुजोरा मिळाला नाही. आम्ही याहून एक पाऊल पुढे जातो: प्रत्येक दीर्घिका दोन्ही रूपांत दाखवायची, मध्ये बरंच अंतर ठेवून, आणि दोन्ही वेळा 'सर्पिल' असं उत्तर आलं तरच घ्यायची. काम दुप्पट होतं आणि नमुना आटतो, पण एस आणि झेड यांना आत येण्याची अट सारखी राहते.

उलटवण्यातही खाचा आहेत. चित्र ६४ पिक्सेल रुंद असेल आणि दीर्घिकेचं केंद्र ३२ व्या रकान्यात असेल (मोजणी शून्यापासून), तर उलटवल्यावर ते ३१ व्यात जातं. डोळ्याला कळत नाही, यंत्राला कळतं. म्हणून चौकट ६५ ची घ्यायची. जेपीजी उलटवून पुन्हा जेपीजीत साठवायचं नाही. त्याचं आकुंचन ८ गुणिले ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत चालतं, आणि रुंदी आठाच्या पटीत नसेल तर उलटलेल्या चित्रात ठोकळे वेगळ्या जागी पडतात. मग मूळ आणि आरशातलं ही एकाच दीर्घिकेची समान चित्रं राहत नाहीत. एकदा उघडायचं, उलटवायचं, पीएनजीत ठेवायचं.

'मग यंत्रच वापरा की, यंत्राला कसला कल' असं लगेच कुणीतरी म्हणतं. यंत्राला शिकवणारी चित्रं माणसांनीच निवडलेली असतात. केन-इची तादाकी आणि सहकाऱ्यांचं २०२० चं काम या बाबतीत वाचण्यासारखं आहे, कारण त्यांनी आकडे मोकळेपणाने दिले आहेत. हायपर सुप्राइम-कॅमची चित्रं स्लोनपेक्षा सुमारे २५ पट खोल आणि दुप्पट रेखीव. शिकवण्यासाठी १,४४७ एस, १,३८२ झेड आणि ५१,६५० सर्पिल नसलेल्या. इतका विषम ढीग समतोल करायला त्यांनी सर्पिलांची चित्रं उलटवून, फिरवून, लहानमोठी करून वाढवली. तपासणीत ९७.५% उत्तरं बरोबर. मग पाच लाख दीर्घिकांवर यंत्र चालवलं: ३८,७१८ एस, ३७,९१७ झेड, आणि निष्कर्ष असा की लक्षणीय फरक नाही.

आता हेच आकडे जरा जवळून. फरक ८०१, बेरीज ७६,६३५, असमतोल १.०५%. नुसतं नाणेफेकीचं गणित लावलं तर हे २.९ सिग्मा होतं. कुणाला मथळा हवा असता तर तो इथेच तयार होता. पण जे यंत्र तिन्ही वर्ग मिळून २.५% चुकतं, त्याच्या चुका एस आणि झेडमध्ये किंचित जरी असमान वाटल्या गेल्या तरी एक टक्का सहज निघतो. आमच्या मते 'लक्षणीय नाही' हे वाचन योग्य आहे; फक्त त्याचं कारण योगायोगाचा हेलकावा नसून यंत्राची अचूकता आहे, हे सांगितलं पाहिजे.

यंत्राचा कल मुळापासून काढायचा सोपा उपाय आहे. प्रत्येक चित्र यंत्राला दोनदा द्यायचं, सरळ आणि उलटं. सरळ चित्राला मिळालेली एसची शक्यता आणि उलट्याला मिळालेली झेडची शक्यता यांची सरासरी म्हणजे अंतिम एस. झेडसाठी तसंच. 'सर्पिल नाही' यासाठी दोन्हींची साधी सरासरी. असं केलं की आरशातल्या विश्वात हे यंत्र नेमकं आरशातलंच उत्तर देईल. निवड आणि दिशा दोन्ही एकाच वेळी समतोल होतात. शिकवताना मात्र एक सापळा असतो. चित्रं आपोआप डावी-उजवी उलटवून वाढवण्याची सोय तयार कोडमध्ये बऱ्याचदा आधीच चालू असते. मांजर-कुत्रा ओळखायला ती चालते. इथे चित्र उलटलं आणि लेबल तेच राहिलं तर यंत्राला अर्ध्या वेळा खोटं शिकवलं जातं. लक्षण ओळखू येतं: सर्पिल आहे की नाही हे यंत्र छान सांगतं, पण एस-झेडमधली अचूकता ५०% वर अडकलेली असते. यंत्राला दोष देण्याआधी ती सोय बघा.

दिशा ठरल्या, यादी झाली. आता यादीच तपासायची, कारण तीत एकच दीर्घिका अनेकदा असते. मोठी, भुजांवर गाठी असलेली दीर्घिका सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर तुकड्यांत तोडतं आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र क्रमांक देतं. प्रत्येक क्रमांकाभोवतीचं चित्र कापलं की तीच दीर्घिका, तेच वळण, किंचित सरकलेलं. दोन-तीन विकलांच्या ठरावीक वर्तुळात जुळवणी केली तर हे तुकडे सुटतात. वर्तुळ दीर्घिकेच्या स्वतःच्या आकाराएवढं घ्यावं लागतं. मासानोरी इये, मासाफुमी यागी आणि हिदेया फुकुमोतो यांनी २०२१ मध्ये लिओर शमीर यांची स्लोनमधल्या सर्पिल दीर्घिकांची २०१७ ची यादी अशी तपासली. मूळ यादीत द्विध्रुव ४.०० सिग्माचा होता. पुनरावृत्ती काढल्यावर यादी ४५% उरली आणि द्विध्रुव ०.२९ सिग्मावर आला. इथे एक गोष्ट सुटू नये. सगळ्या दीर्घिकांची पुनरावृत्ती सारखीच असती, तर २.२ पट फुगलेल्या यादीत सिग्मा सुमारे दीडपट फुगला असता, म्हणजे साफ केल्यावर २.७ उरायला हवा होता. तो जवळपास शून्यावर आला याचा अर्थ फुगवटा असमान होता. थोड्या दीर्घिका खूप वेळा येऊन आपल्या भागाचं पारडं झुकवत होत्या. शमीर यांनी हे आक्षेप मान्य केलेले नाहीत आणि उत्तरादाखल लेख लिहिले आहेत.

द्विध्रुवाचा सिग्मा काढतानाही हात राखून काम करावं लागतं. आकाशातले सगळे अक्ष तपासून सर्वांत मोठा असमतोल देणारा निवडला, तर काही ना काही मिळणारच. बरोबर पद्धत अशी: दीर्घिकांच्या जागा जशाच्या तशा ठेवायच्या, एस-झेड लेबलं यदृच्छया वाटायची, प्रत्येक वाटपात तोच सर्वांत मोठा अक्ष शोधायचा, आणि हे निदान हजारदा करायचं. आपला आकडा त्या हजारांच्या रांगेत कुठे बसतो तेवढंच बोलायचं. जागा हलवायच्या नाहीत, कारण सर्वेक्षणाने आकाशाचे तुकडेच बघितलेले असतात आणि तुकड्यांचा आकार स्वतःच काही अक्षांना झुकतं माप देतो.

आता २०२५ चा गाजलेला आकडा. शमीर यांनीच जेम्स वेब दुर्बिणीच्या जेड्स सर्वेक्षणातल्या २६३ दीर्घिका मोजल्या: १५८ एका दिशेच्या, १०५ दुसऱ्या, म्हणजे दीडपट. असमतोल २०%, अपेक्षित हेलकावा ६.२%, म्हणून साधारण ३.३ सिग्मा. ही निवडीतल्या एक-दोन टक्क्यांच्या कलाने होणारी गोष्ट नाही हे मान्य करायला हवं. पण आकाशाचा तुकडा लहान आहे, आणि ज्या असंख्य दीर्घिकांतून ज्यांची दिशा दिसते अशा २६३ उरल्या, त्या गाळणीच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या का, हे त्या गाळणीतून आरशातली चित्रं पाठवल्याशिवाय कळत नाही. आकाशगंगेच्या फिरण्यामुळे डॉप्लर परिणामाने एका दिशेच्या दीर्घिका उजळ दिसत असाव्यात, हे त्यांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक. सेकंदाला २२० किलोमीटर वेगाने तेजात फरक पडतो तो वेग भागिले प्रकाशवेग गुणिले चार, ०.३%. वेग दुप्पट धरला तरी ०.६%. एवढ्याने मोजणीत एखादा टक्का हलेल. दीडपट नाही. त्यातून समोरून दिसणाऱ्या दीर्घिकेचा फिरण्याचा वेग आपल्या दृष्टिरेषेला जवळपास आडवाच असतो.

शेवटी, वळणावरून फिरण्याकडे जाणारी उडी. भुजा मागे रेंगाळतात हे धरून आपण एसला अपसव्य म्हणतो. ते तपासता येतं. तिरप्या दीर्घिकेच्या ज्या बाजूची धूळ मागच्या तेजावर गडद उठून दिसते ती आपल्या जवळची बाजू. वर्णपटावरून कोणतं टोक आपल्याकडे येतंय ते कळतं, आणि भुजांचं वळण चित्रात दिसतंच. तिन्ही मिळून रेंगाळणं ठरतं. इये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १४६ दीर्घिकांवर हे करून बघितलं. सगळ्या रेंगाळणाऱ्या निघाल्या. नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ४६२२ मात्र याला अपवाद मानली जाते. तिच्या बाहेरच्या दोन ठळक भुजा फिरण्याच्या दिशेनेच पुढे झेपावतात. तिचं चित्र या मोजणीत आलं तर वळणाच्या रकान्यात जे दिसेल तेच लिहायचं आणि फिरण्याचा रकाना कोरा ठेवायचा.